देवरामभाऊंचे दुधी

देवरामभाऊ घाटाळ वाजणाऱ्या कुठल्याही वस्तूला पाठ दाखवत नाहीत. कुठल्याही म्हणजे कुठल्याही. सौदीत, दम्माममधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये बारीक आवाजात पियानो वाजत असतो. तळमजला आला की हा गृहस्थ उलट्या पावली बाहेर पडतो आणि बाहेर ताटकळलेल्या कुणाच्या तरी पायावर पाय देतो. एकदा सुपरमार्केटात छतावरच्या स्पीकरकडे तोंड करून मागे मागे सरकताना त्यांनी खजुराच्या डब्यांचा अख्खा मनोरा पाडला. आम्ही दोघं डबे गोळा करत होतो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "वाजतंय ना, बाई? मग पाठ नाय दाखवायची."

मी इथल्या भारतीय शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई'. देवरामभाऊ पालघरकडच्या वारली पाड्यावरचे. अबकैकच्या बाजूला एका तेलाच्या प्लांटवर ते परांची तपासतात. आमच्याच खालच्या मजल्यावर एकटे राहतात. पहाटे बस, संध्याकाळी बस, आणि उरल्या वेळात दुधी.

हा दुसरा नाद. बाल्कनीत रंगाचे रिकामे डबे, त्यात वेल, आणि वेलाला एसीचं ठिबकणारं पाणी. थंडीत तिथे असे देखणे दुधी लटकत की येणाऱ्याजाणाऱ्याची मान वर व्हावी. माझा दुधीहलवा बऱ्यापैकी होतो असं माझं मत आहे, म्हणून दरवर्षी मी लाज सोडून एक मागायची. दरवर्षी तेच उत्तर यायचं. "ह्ये खायचे नाय, बाई. ह्ये वाजायचे हायेत."

दुधी वाळवून त्याचा तारपा करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तारपा वाजवणारा मधे असतो, नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते, आणि त्याला कुणी पाठ दाखवत नाही, हेही नव्हतं. मला काय ठाऊक होतं ते सांगायला आज शरम वाटते. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी मुलांचा 'आदिवासी नाच' बसवला होता. तोंडाला काळं, डोक्यात पिसं, कमरेला सुतळीचे झगे, आणि मधूनमधून हुर्रर्र. टाळ्या मात्र खूप पडल्या. देवरामभाऊ तिसऱ्या रांगेत होते. स्पीकर दणाणत असताना ते उठले, सरळ पाठ फिरवली आणि निघून गेले. लिफ्टच्या पियानोलाही पाठ न दाखवणारा माणूस! मला वाटलं, चहाला गेले असतील.

डोळे उघडले ते माझ्या सईने, तेही वर्षभराने आणि हिंदीत. "मम्मी, अंकल भी वारली हैं? तो उन्होंने कभी पिसं क्यों नहीं लगाईं?" मी तिला गृहपाठ करायला पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

यंदा मंडळात मीच हट्ट धरला की आदिवासी कला-संगीताचा महोत्सव करायचा, खराखुरा. झाली चूक अशीच धुवायची, असं मनात होतं. देवरामभाऊंची तोंडाने माफी मागणं मला जमलं नव्हतं, म्हणून एवढा मोठा घाट. विचारायला गेले तेव्हा त्यांनी वेलावरचा एक दुधी बोटाने ठोकून पाहिला. मग म्हणाले, वाजवीन. पण एक सांगून ठेवा लोकांना. काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

हुफूफजवळ खजुरीच्या बागेतली इस्तिराहा, म्हणजे भाड्याने मिळणारं अंगणाचं घर, आम्ही दिवसभरासाठी घेतली. सकाळी मुलांनी भिंतीएवढ्या कापडावर वारली चित्रं काढली. भाऊंनी गावाहून बांबूच्या नळ्या आणि मेण आणून महिनाभर खपून तारपा बांधला होता. ताडाच्या पानांच्या जागी खजुरीची पानं. दुपारी ते मधे उभे राहिले, मी माइकवर त्यांची अट सांगितली, आणि चाळीस माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून फिरू लागली. भाऊंचे गाल फुगले होते, डोळे मिटले होते. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात केटररने दारातून खूण केली. बिर्याणी निवत होती. आणि मी, अट सांगणारी मीच, माइक उचलून म्हणाले, "जेवण तयार आहे, गरम आहे तोवर घ्या." साखळी कडाकडा तुटली. लोक वळले. मीही ताटं मोजायला वळले. ताटं मांडून मागे पाहिलं तर भाऊ अजून वाजवत होते. वाजवता वाजवता स्वतःच जागच्या जागी फिरत होते. कुणाचा तरी चेहरा समोर यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी पिशवीत तीन दुधी होते. हलव्यासाठी.

मी पिशवी उचलून तशीच खाली गेले. त्यांनी दार उघडलं. बाल्कनीत वेल उपटलेला होता. "भाऊ, माझं चुकलं," मी म्हणाले. "कालचंही, आणि त्या नाचाचंही. एवढं बोलायला मला इतके दिवस लागले." पुढे रडू आलं, आणि मी रडत रडत बोलतच राहिले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मीपण दाखवलीय एकदा पाठ," ते म्हणाले. "हिकडं यायला निघालो तवा बाप वाजवत होता. जीप आली, एजंट घाई करीत होता, मी वळून बसलो. परत गेलो तवा बाप नव्हता."

मी पुन्हा आपलं तेच, चुकलं, चुकलं, म्हणत राहिले. भाऊ चहा टाकतो म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे निघाले, माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावली. वाटेत स्टूल लागलं, ते आडवं झालं, तरी वळले नाहीत.

घरात काहीच वाजत नव्हतं. फक्त मी बोलत होते.