वाटबघी जातीचं कुत्रं

कुंभेरी नगरपालिकेने माणसांना धोकादायक ठरवलेल्या कुत्र्यांच्या चार जातींपैकी तीन जाती चावतात आणि चौथी वाट बघते.

चावणाऱ्यांचं फारसं काही नाही. मुसकं बांधलं, दारावर पाटी लावली, की मालक मोकळा. चौथ्या जातीला, म्हणजे वाटबघीला, मुसकं बांधून उपयोग नसतो. साखळी ज्याच्या हातात, त्याचं गेलेलं माणूस जिकडे गेलं तिकडे तोंड करून हे कुत्रं बसतं, आणि मग साखळी धरणाराही बसतो. अशाने कुंभेरीतले एक मुख्याध्यापक दोन वर्षं शाळेच्या फाटकात बसून होते. पाण्याच्या टाकीवरचा माणूस बसला तेव्हा तर गावाला आठ दिवस पाणी आलं नाही. शेवटी ठराव झाला. जप्त केलेली वाटबघी कोंडवाड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवतात. तिथे साखळी खुंटीला असते, आणि खुंटीचं कोणी गेलेलं नसतं.

जप्तीचं काम निरीक्षक रामलिंग तोडकरांकडे होतं. या जागेवर येताना ‘मी कोणाचीही वाट पाहत नाही’ असं हमीपत्र द्यावं लागतं. रामलिंगांनी ते उभ्या उभ्या दिलं होतं. बायको घरी, मुलगी सासरी सुखात, आईवडील रीतसर वारलेले. थोरला भाऊ नागेश एकोणीस वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता खरा, पण तो भांडून गेला होता, आणि भांडून गेलेल्याची वाट कोण बघतं? नगरपालिकेचा हमीपत्रावर पूर्ण विश्वास होता. तरी ती सोबत कातडी हातमोजे देत असे.

अकरा कुत्री त्यांनी बिनबोभाट नेली. बाराव्याचा अर्ज मालकिणीनेच केला होता. असा अर्ज खात्यात कधी आला नव्हता.

अक्काताई मगदूम यांचं घर एसटी स्टँडला लागूनच होतं. वय सत्तरीच्या पुढचं. अंगणात तांबू नावाचं तांबडं कुत्रं उत्तरेला तोंड करून बसलं होतं, आणि पायरीवर त्याची साखळी धरून अक्काताई.

“मावशी, अर्ज तुमचाच ना? कोणाचा दबाव नाही?”

“माज्यावर कोण दबाव आणणार? सात वर्सं झाली, साहेब. माजा ल्योक पारिस सुरतेला गेला त्यो गेला. ह्यो बसतोय, त्येच्यासंगं मी बसतीया. चुलीवर दूध उतू जातंय, दारात पावणा आला तरी माजा डोळा रस्त्यावर. मला सुटायचंय आता.”

“एकदा कोंडवाड्यात गेलं की कुत्रं परत मिळत नाही.”

“ठाव हाय मला.”

रामलिंगांनी पंचनामा भरला. रंग तांबडा, वय नऊ, दिशा उत्तर. सही करायला त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. मोजा घालून केलेली सही हिशेबतपासणीत धरत नाहीत, हे त्यांना एकदा भोवलं होतं. सही होते न होते तोच, मन फिरायच्या आत म्हणून, अक्काताईंनी साखळी त्या उघड्या हातात कोंबली.

तांबू उठला. अंगणात एक फेरी मारून तो पूर्वेला, सोलापूरच्या रस्त्याकडे तोंड करून बसला.

“चल,” रामलिंग म्हणाले. पण दोघांपैकी कोणीच हललं नाही.

भांडण शर्टावरून झालं होतं. रामलिंगांचा लग्नातला शर्ट नागेशने न विचारता घातला होता. “घालून जा आणि परत येऊ नको,” असं रामलिंग म्हणाले होते, आणि नागेश शब्दाचा पक्का निघाला. तोच शर्ट घालून तो सोलापूरच्या गाडीत बसला. आता तो यावा असं रामलिंगांना वाटलं. कपाटातले सगळे शर्ट घेऊन गेला तरी चालेल, पण यावा. ते पायरीवर बसले.

“बसलासा काय?”

“माझा थोरला भाऊ आहे, मावशी. गेलाय.”

“आन् तुमचं हमीपत्र?”

“खोटं ठरलं.”

“जाणूनबुजून लिवलंसा?”

“नाही हो. मला खरंच वाटत होतं.”

खोट्या हमीपत्राला नोकरी जाते, तसा नियमच आहे. रामलिंगांनी पंचनाम्याच्या शेऱ्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘निरीक्षक स्वतः वाट पाहताना आढळले.’ खाली पुन्हा सही केली.

अक्काताई आत गेल्या. दूध वेळेवर उतरवलं. भांडी घासली. पडल्या पडल्या डोळा लागला तो तासाभराने उघडला. सात वर्षांत अशी झोप लागली नव्हती. मग त्या बाहेर आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

“साहेब, पारिसला दोडका आवडायचा का भेंडी, ते आठवंना झालंय मला.”

“आठवेल सावकाश.”

“न्हाई आठवंना, त्येचं काय न्हाई. त्येचं वाईटबी वाटंना. पारिस म्हटलं की रेशनकार्डावरचं नाव वाचल्यागत वाटतंय नुसतं.” त्यांचे डोळे कोरडेच होते, आणि तेच त्यांना सोसेना. “द्या ती साखळी हिकडं.”

रामलिंगांची मूठ उघडेना. “अर्ज तुमचाच होता, मावशी.”

“माघारी घेतीया मी.”

“त्याला मुख्याधिकाऱ्यांची सही लागते. आणि... एकोणीस वर्षांनी आठवलाय तो मला. जरा राहू द्या.”

अक्काताईंनी थोडा विचार केला. मग त्या शेजारी बसल्या आणि साखळी मधोमध धरली. तांबूने उत्तरेकडे पाहिलं, पूर्वेकडे पाहिलं, आणि कुठेच कमी पडू नये अशा बेताने तो दोन्हीकडे आळीपाळीने बघू लागला. अक्काताईंचे डोळे भरून आले. “भेंडी,” त्या म्हणाल्या. “भेंडीच.”

सोलापूरची गाडी आली. रामलिंग उठून उभे राहिले. दोन बायका उतरल्या, एक टोपलीवाला उतरला, आणि गाडी गेली.

“न्हवता?”

“नव्हता.”

अक्काताईंनी पदर सावरून त्यांना जागा केली. “बसा. दिसायला कसा हाय तुमचा भाऊ, सांगून ठेवा. माजी नजर चांगली हाय. दोगांनी बघितलं तर चुकून निसटायचा न्हाई.”

रामलिंग सांगू लागले. उंची सांगितली, रंग सांगितला, चालताना डावा खांदा जरा खाली असतो ते सांगितलं. एकोणीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं.