बिराजदार सरांचं उघडं दार

अंतराळयानाचं दार उघडं ठेवायला लावणारा कप्तान मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या लातूरच्या क्लासमध्ये गणित शिकवणारे बिराजदार सर.

रविवारी दुपारी पोरांची चाचणी संपली की आम्ही तिघं स्टाफरूममध्ये खेळायला बसतो. मी पुस्तकातून अंतराळातली गोष्ट सांगतो, सर आणि जीवशास्त्राच्या कुलकर्णी मॅडम त्यातली माणसं होतात, आणि अडचण आली की निकाल फासे लावतात. बसण्याआधी सर खोलीच्या दाराला वीट लावतात. यानातही तेच.

"आधी दार उघडं हाय का सांगा."

"सर, बाहेर हवा नाही."

"नसू द्या. दार अडकलं तर काय करनार तुम्ही?"

शेवटी मी यानाची निदान आतली दारं उघडी ठेवू दिली. विटेवरून मात्र त्यांची भरपूर चेष्टा केली.

मागच्या रविवारी खेळाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. सरांनी ती उत्तरपत्रिकेसारखी तपासली, छपाईच्या दोन चुका काढल्या आणि एका पानावर अडले. यानाला भोक पडलं तर कप्तानानं मधलं दार लगेच लावायचं, पलीकडे कुणी असलं तरी.

"ह्यो नियम चूक हाय."

"छापलाय, सर."

"छापलं म्हणून बरोबर असतंय का?"

तरी खेळून पाहायचं ठरलं. तासाभरात फासे उलटले आणि उल्का यानाला भोक पाडून गेली. मॅडमचं पात्र, म्हणजे यानाची डॉक्टर, मागच्या खोलीत झोपलेली. यानावर आणखी चौदा खलाशी, सगळे कागदावरचे.

"दार लावा, सर. नाहीतर सगळेच जातील. तिला हाक मारून उठवायचं तर दोन्ही फाशांवर सहा पडायला हवेत."

मला हसू येत होतं. सरांनी मात्र आधी खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्यांनी फासे टाकले. दोन आणि तीन.

"मी अंगणात झोपलो होतो," सर म्हणाले. मला आधी वाटलं, कप्तानाचंच बोलतायत. "दहावीला होतो. धाकटी बहीण आत. जमीन हलली, चौकट वाकली. ती आतून दादा दादा करत राहिली, मी बाहेरून दार ढकलत राहिलो. न्हाई उघडलं."

भूकंपात त्यांचं गाव गेलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या विटेची केलेली चेष्टा आठवून मला लाज वाटली. मी पुस्तक मिटायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"खेळ चालू द्या. नियम हाय, तर दार लावतो. पन आत जाऊन, मॅडमच्या बाजूनं लावतो."

मॅडमनी फाशांकडे पाहिलंही नाही. "सर, मी जागी झाले," त्या म्हणाल्या.

नव्या आवृत्तीत हे बसत नव्हतं. जुन्या आवृत्तीतही बसलं नसतं. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"दार उघडं आहे," मी म्हणालो.

"मग बसलात काय, मॅडम?" सर दाराकडे हात करून म्हणाले. "निघा की लवकर."