सशाला शेवटी विचारा

सेवरीन मॅडमशी हात मिळवायला जाऊ नये. गेलात, तर तो लवकर परत मिळत नाही. त्या हात उलटा करतात, कोपरापर्यंतची आतली बाजू खिडकीकडे वळवतात, चष्मा कपाळावर सारतात आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसं बघत राहतात. मग निकाल येतो, "लाली शून्य, सूज शून्य. साबण बदलू नका."

त्यांच्या चुलतभावाच्या लग्नात हेच झालं. स्टेजवर आहेर द्यायला गेल्या आणि नवरीचा हात हातात घेऊन थांबल्या. मागे रांग लागली, बँडवाल्यांनी दुसरं गाणं सुरू केलं, पण मॅडम हलेनात. "लाली एक. या बांगड्या कुठून घेतल्या?" नवरी रडायच्या बेतात असतानाच फोटोग्राफरने फोटो काढला. तो आजही अल्बममध्ये आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मॅडम नवरीच्या मनगटाकडे.

मी त्यांच्याच प्रयोगशाळेत नोकरीला आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमची इमारत. बाहेरून बघितलं तर बादल्यांचा कारखाना वाटावा. एखादं रसायन अंगाला लागलं तर कातडीला काय होतं, हे आम्ही आत तपासतो. फिनेल, रंग, शेतावर फवारायची औषधं, काहीही येतं. बाटलीवर 'हातमोजे घाला' असं छापायचं की नाही, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. वर्षानुवर्षं आमच्याकडे ते ससे ठरवत आले, आणि सशांच्या वतीने बोलायच्या त्या सेवरीन मॅडम. अहवाल नियमाप्रमाणे झालाय का हे तपासायचं काम माझं. म्हणजे मॅडमच्या चुका काढायच्या. सापडली एकही नाही, पण पगार मिळतो.

चाचणी ऐकायला सोपी आहे. सशाच्या पाठीवरचे केस आदल्या दिवशी कापायचे. रसायन कापडाच्या छोट्या घडीवर घेऊन तिथे ठेवायचं, वर पट्टी बांधायची, चार तासांनी सोडून जागा पुसून काढायची आणि मग पुढचे दिवस बघत राहायचं. लाली किती आणि सूज किती, त्याला शून्य ते चार असे गुण. शून्य म्हणजे काही नाही. चार म्हणजे बघवत नाही. अवघड असतं ते एक आणि दोनच्या मधलं. तिथे चांगले शिकलेले लोक एकमेकांकडे बघायला लागतात. मॅडम कुणाकडेच बघत नसत. "डोळ्यांनी बघा, मनाने नको," एवढं म्हणून गुण सांगत आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळत.

हे गुण त्यांच्या तोंडात इतके बसलेत की सगळ्या जगाला त्या तेच लावतात. रविवारी फादरांचं प्रवचन कसं झालं म्हणून सोमवारी विचारलं, तर उत्तर येतं, "लाली एक, सूज शून्य. संध्याकाळपर्यंत उतरली." आमच्या डायरेक्टर साहेबांच्या भाषणाला त्यांनी आजवर शून्याच्या वर गुण दिलेले नाहीत. माझ्या डब्यातल्या ठेच्याला मात्र तीन दिले होते, आणि त्यानंतर पाण्याची अख्खी बाटली संपवली.

पण त्यांचं खरं पालुपद वेगळंच. "सशाला शेवटी विचारा." नवी बाटली आली की प्रयोगशाळेतली पोरं उत्साहाने ससे निवडायला निघत. मॅडम दारातच अडवत. आधी बाटलीत पीएच मोजायची कागदाची पट्टी बुडवायची. द्राव फार आम्ल किंवा फार अल्कली निघाला, तर तो भाजणारच, ससा हवा कशाला? मग त्या रसायनावर आधी कुणी काही लिहून ठेवलंय का ते शोधायचं. तेही झालं की एकाच सशावर करायचं, त्याचं बघायचं, मगच दुसरा. "कागदाची पट्टी सांगतेय ते सशाच्या तोंडून कशाला ऐकायचं?" अशा किती बाटल्या त्यांनी ससा न लावता परत पाठवल्या असतील! साहेब चडफडत, मी सही करत असे.

सशांची देखभाल काशिनाथकडे. काशिनाथ अर्नाळ्याचा. बापजाद्यांच्या होड्या, पण याला लाटेवर बसलं की उलटी होते, म्हणून इकडे आला. त्याने एका गुबगुबीत सशाचं नाव ठेवलं होतं 'हिरो'. मॅडमच्या कानावर गेलं.

"काशिनाथ, याच्या कानावर नंबर आहे ना?"

"आहे मॅडम. पन हिरो म्हटलं की कान टवकारतो तो."

"तो टवकारू दे. तू हिरो म्हटलंस की त्याची लाली तुला कमी दिसणार. मग उद्या ती बाटली वापरून ज्या बाईचा हात भाजेल तिला काय सांगशील, ससा माझ्या ओळखीचा होता?"

काशिनाथने ते नाव सोडलं. "बाई कडक हाय, काळीज फ्रीजमधी ठेवलंय," असं तो मला चहाच्या टपरीवर म्हणाला. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

माझ्या घरी मात्र मॅडमना देवीचा मान आहे. आम्ही आचोळ्याला राहतो. एकदा मॅडम घरी आल्या, तेव्हा मानसी, म्हणजे माझी बायको, भावाच्या साखरपुड्याच्या तयारीत होती. पार्लरवालीने बिननावाच्या डबीत गोरं करणारं क्रीम दिलं होतं. मॅडमनी डबी हुंगली आणि मानसीच्या कोपराच्या आत चिमूटभर लावली. "उद्यापर्यंत तोंडाला लावायचं नाही." मानसी हिरमुसली. दुसऱ्या दिवशी कोपराच्या आत लालबुंद चट्टा! मॅडमना फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न, "कडा उचलल्यात का?" मानसी साखरपुड्याला सावळी आणि सुंदर गेली. तेव्हापासून आमच्याकडे नवं काही आलं, अगदी भांड्याचा साबण, की ती म्हणते, "आधी मॅडमना विचारा."

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती सांगतो.

एका कंपनीचा फरशी पुसायचा नवा द्राव आमच्याकडे आला होता. निळाशार, लिंबाच्या वासाचा. कागदाच्या पट्टीने काही सांगितलं नाही, जुनं लिहिलेलंही काही सापडलं नाही, म्हणून चाचणी झाली. ससे लाल झाले. मॅडमनी दोनच्या वर गुण दिले. याचा अर्थ बाटलीवर इशारा छापायला हवा. चारच दिवसांत कंपनीचे एक साहेब आले. त्यांच्या गळ्यात टाय होता, आणि आमच्याकडे टाय कुणीच घालत नसल्यामुळे काशिनाथ त्यांना 'टायवाले' म्हणाला. तेच नाव राहिलं.

डायरेक्टर साहेबांच्या खोलीत आम्ही चौघे बसलो होतो. टायवाले गोड बोलत होते. "मॅडम, जाहिरात तयार आहे. आई रांगणाऱ्या बाळासमोर फरशी पुसतेय. त्यावर इशारा कसा छापणार?"

"मग बाळ काढा," मॅडम म्हणाल्या.

"तसं नाही. मी म्हणतो, तीनच तर ससे होते. अजून काही सशांवर करून बघा. कदाचित वेगळं येईल."

आमचे साहेब पेन फिरवत होते. कंपनी मोठी होती, पुढचं बरंच काम तिच्याकडून यायचं होतं. ते हळूच म्हणाले, "सेवरीन, परत करायला काय हरकत आहे? ससे आहेत आपल्याकडे."

मॅडमचा चेहरा मी बाजूने बघत होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"सर, उत्तर मिळालंय. तेच उत्तर पुन्हा ऐकायला मी सशाची पाठ लाल करणार नाही. तुम्हाला अजून विचारायचंच असेल तर आता माणसाला विचारू." आणि टायवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "हात द्या."

"म्हणजे?"

"उजवा नको, सही करायला लागेल. डावा द्या. पट्टी मी बांधते. चार तास बसायचं. जेवण इथेच, आज माझ्या डब्यात बोंबील आहेत."

टायवाले हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खरंच हात पुढे केला होता.

"मला पाच वाजता मीटिंग आहे," टायवाले म्हणाले.

"सशालाही कामं असतात."

तशी पट्टी बांधू देणारा नियम कुठेच नाही, हे मला माहीत होतं आणि मॅडमना माझ्याहून जास्त. पण टायवाल्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी हात टेबलाखाली घेतला. मग आमचे साहेब माझ्याकडे वळले, "सावंत, अहवालात काही कमी आहे का?"

"नाही सर," मी म्हणालो. "स्वल्पविरामही नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि अहवाल होता तसा गेला.

कंपनी रागावली. आलेली दुसरी कामं तिने काढून घेतली. साहेब बरेच दिवस मॅडमशी कामापुरतंच बोलत. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांनी तेवढ्यात नवं टुमणं लावलं. माणसाच्या पेशींपासून वाढवलेली कातडी हल्ली छोट्या वाटीत मिळते, तिच्यावर हीच चाचणी होते, ती आपल्याकडे आणा. रोज सकाळी साहेबांच्या दारात उभ्या. "आणली का?" साहेब म्हणत, "महाग आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आणली का?" शेवटी साहेबच म्हणाले, "सेवरीन, तुझे गुण मला आता कळले. लाली चार, सूज चार." आणि मागणीवर सही केली.

वाट्या आल्या. तिथे डोळ्यांचं काही काम नव्हतं. जिवंत राहिलेल्या पेशी जांभळ्या होतात आणि तो रंग यंत्र मोजतं. ज्या नजरेसाठी मॅडम ओळखल्या जायच्या, ती नजर त्यांनी स्वतःच्या हट्टाने बिनकामाची करून टाकली होती. मी एकदा तसं म्हणालो.

"मग?" त्या म्हणाल्या. "चांगली झाली ना चाचणी?" आणि पोरांच्या शेजारी स्टुलावर बसून पिपेट धरायला शिकू लागल्या. पोरं त्यांच्या चुका काढत. मॅडम निमूटपणे ऐकत. माझी छाती त्या दिवसांत उगीचच फुगलेली असायची, जणू मीच काही केलं होतं.

वर्षभराने टायवाले परत आले. द्राव बदलून आणला होता. "आधी वाटीवर करा," म्हणाले. बोलणं आदबशीर होतं. दोन्ही हात मात्र जाईपर्यंत खिशातच ठेवले. नवा द्राव सौम्य निघाला. सशाला विचारावं लागलंच नाही.

पुढे सशांची खोली बंद झाली. काम झालेल्या सशांना आजवर इंजेक्शन देऊन मारत असत. मॅडमनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे खेटे घालून शेवटच्या सशांची सुटका मिळवली आणि ते निर्मळला स्वतःच्या वाडीत नेले. केळींच्या मध्ये जाळीचं कुंपण घातलं. काशिनाथने टेम्पोत सशांशेजारी बसून सगळ्यांना पोचवलं आणि वाटेत पोटभर नावं ठेवून घेतली. या वेळी मॅडम काही बोलल्या नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात मॅडमनी मला आणि काशिनाथला एका सकाळी चर्चमध्ये बोलावलं. "मिस्सा आहे, या. मग घरी नाश्ता." कारण सांगितलं नाही. नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, असतात एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं. आम्ही दोघे मागच्या बाकावर अवघडून बसलो. इतर उठले की उठायचं, बसले की बसायचं. मॅडम आमच्याच बाकावर, डोक्यावर ओढणी घेऊन.

फादर मृतांची नावं वाचू लागले. कुणाची आई, कुणाचे आजोबा, समुद्रात गेलेला कुणाचा मुलगा. मग ते म्हणाले, "आणि सेवरीनच्या कामावरच्या दिवंगत सहकाऱ्यांसाठी."

मी दचकलो. आमच्यातलं कोण गेलं? मनातल्या मनात सगळी टेबलं-खुर्च्या फिरून आलो. सगळे हयात होते. डायरेक्टर साहेब तर कालच ओरडले होते. मी वाकून हळूच विचारलं, "मॅडम, कोण गेलं?"

"पुढे बघा, सावंत."

मी पुढे बघितलं. पण कडेने मला दिसत होतं, मॅडमचे ओठ हलत होते. प्रार्थना सगळ्यांची संपली तरी त्यांची चालूच होती. त्या काहीतरी एकामागून एक म्हणत होत्या. नीट कान दिला तेव्हा कळलं, ते आकडे होते. सुटका मिळण्याआधी जे गेले, त्यांच्या कानांवरचे नंबर.

काशिनाथलाही ते कळलं असावं. त्याने हात जोडले आणि मान खाली घातली.

बाहेर आल्यावर मॅडम पायरीवर थांबल्या. चष्मा पुसत, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "सशांसाठी मिस्सा मागितली असती तर फादर नाही म्हणाले असते. म्हणून सहकारी सांगितलं. दरवर्षी तसंच सांगते." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "देवाच्या घरात खोटं बोलले का हो मी?"

काशिनाथच बोलला.

"खोटं कसलं मॅडम? सुट्टी तरी घेतली का कधी त्यांच्यातल्या कोनी?"

मॅडम हसल्या. हसता हसता तोंड फिरवून स्कूटरकडे गेल्या आणि किल्ली लावायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही घाई केली नाही.