समुद्रातला लोअर बर्थ

ज्या वर्षी यशदीपचं लग्न झालं आणि रीना सून म्हणून रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या घरात आली, त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, भैय्यालाल मेश्रामांनी बायकोसाठी समुद्रातला लोअर बर्थ काढला.

भैय्यालाल रेल्वेत रिझर्व्हेशन क्लार्क होते. एकतीस वर्षं त्यांनी रायपूरच्या लोकांना बर्थ दिले. कोणाचे गुडघे दुखतात, कोणती सून पोटुशी आहे, हे त्यांना फॉर्म वाचायच्या आधी कळायचं. फक्त घरच्या माणसाचं त्यांना जमलं नाही. पासवर प्रवासाला निघाले की अंजनाबाईंसाठी ते हमखास लोअर बर्थ घ्यायचे आणि गाडी सुटताच समोर एखादी म्हातारी उभी राहायची. मग भैय्यालाल म्हणायचे, "बसा जी तुमी. आमची मिसेस चढते वरतं." अंजनाबाई मुकाट्याने वर चढायच्या.

"चाळीस वर्षं झाली," त्या नव्या सुनेला सांगत होत्या. "नागपूरले जाताना डोंगरगडची पहाडी दिसते म्हणतात. मी पंखा पाह्यला. पहाडी नाई पाह्यली."

यशदीपने ते ऐकलं. तो म्हणाला, "बाबा, मुंबईहून जहाज निघते. गोवा, कोची करून वापस. किनाऱ्यावरचे जुने किल्ले, चर्च, बाजार, सगळं दाखवते. आईले घेऊन जा. तिकीट मी काढतो."

"तू काहून काढशील?" भैय्यालाल उसळले. "रिझर्व्हेशनवाल्याच्या घरी तिकीट दुसऱ्यानं काढाचं? लोकं काय म्हणतील?"

"मले काही नको," अंजनाबाई हळूच म्हणाल्या. "पलंगावर बसून चहा घ्याचा अन् खिडकीतून समुद्र पाहाचा. बस एवढंच."

दुसऱ्याच दिवशी भैय्यालाल इस्त्रीचा शर्ट घालून सदर बाजारातल्या एका ट्रॅव्हलच्या दुकानात गेले. काउंटरवर निवेदिता नावाची मुलगी होती. तिने विचारलं, "अंकल, कौन सा डेक?"

"सबसे नीचे," भैय्यालाल म्हणाले.

"अंकल, नीचे वाले कमरे तो..."

"बेटी, इकतीस साल रिझर्व्हेशन किया हूँ. मेरे को मत समझा. एकदम नीचे, और बीच में. दोनों तरफ चक्के का धक्का लगता है."

मग तिने तिकीट काढून दिलं. भैय्यालालांनी ते उजेडात धरून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बायकोसाठी कन्फर्म लोअर मिळाला होता, आणि जहाजात काही कोणी म्हातारी चढून येऊन उभी राहणार नव्हती.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, झाली. त्यांचे जुने सोबती तुळशीराम घरी आले. "भैय्याभाऊ, जहाजातही लोअर? कोटा लावला का?"

"कोटा कायले लागते? अनुभव लागते."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने अंजनाबाईंना पुढे बोलावलं, शाल दिली आणि वर्गणी करून आणलेली एक दुर्बीण दिली. खिडकीतून समुद्र नीट दिसावा म्हणून. तुळशीराम भाषणात म्हणाले, "ज्यानं सगळ्या रायपूरले लोअर दिला, त्यानं आज आपल्या घरच्या लक्ष्मीले..." पुढे त्यांना हुंदका आला. भैय्यालालांनाही आला.

घरी आल्यावर रीनाने ते तिकीट मोबाइलवर जहाजाच्या नकाशाशी ताडून पाहिलं. मग ती सासऱ्यांना अंगणात घेऊन गेली.

"पापाजी, सबसे नीचे वाले कमरे में खिड़की नहीं होती."

"कशी नाई होत? लोअरले खिडकी असतेच."

"ट्रेन में, पापाजी. इधर तो बाहर पानी है. खिड़की ऊपर वालों को मिलती है."

भैय्यालाल तुळशीवृंदावनासारखे जागच्या जागी उभे राहिले. थोड्या वेळाने ते दुकानात धावले. वरच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. घरी परत आले तेव्हा अंजनाबाई ओसरीत बसून दुर्बिणीतून समोरच्या घरातली भाजी निवडणारी बाई पाहत होत्या. "अवो, वांग्यातली अळीबी दिसते हो याच्यातून!" त्या म्हणाल्या. भैय्यालाल तसेच आत रीनाकडे गेले.

"इसके बारे में सासूले सांगू नको," त्यांनी रीनाला अर्ध्या हिंदीत बजावलं. "मी चढल्यावर कोणासोबत खोली स्वॅप करतो. गाडीत करतेच ना लोकं."

पुढचे पंधरा दिवस ते आरशासमोर उभे राहून सराव करत होते, "भाईसाहब, आपको लोअर चलेगा क्या?" त्या नादात फ्रीजवरची चारही चुंबकं नाहीशी झाली, स्वयंपाकघरातल्या खिडकीचा निळा पडदा धुवायला गेला तो परत आलाच नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

डिसेंबरात ते जहाजावर चढले. अंजनाबाईंना "तू आराम कर, मी चार्ट पाहून येतो" असं सांगून, त्यांना खोलीत सोडून, भैय्यालाल दारातूनच पळाले. त्या रिकाम्या भिंतीकडे बायकोबरोबर बघायची त्यांची हिंमत नव्हती. वरच्या मजल्यावर त्यांनी एकेक दार वाजवलं. "भाईसाहब, लोअर चलेगा? एकदम बीच में है." कोणी हसलं, कोणी दार लावलं. एका बाईने त्यांच्याकडे साबणाच्या दोन वड्या मागितल्या. शेवटी गणवेशातला एक माणूस आला आणि म्हणाला, "सर, कमरा बदलना अलाउड नहीं है."

भैय्यालाल मान खाली घालून खाली आले. दार उघडलं आणि थांबले.

समोरच्या लोखंडी भिंतीवर त्यांच्या स्वयंपाकघरातला निळा पडदा लागला होता. वर चार चुंबकं. अंजनाबाई पलंगावर मांडी घालून घरच्या थर्मासमधला चहा पीत होत्या.

"हे... तुले माहीत होतं?"

"पंधरा दिसांपासून. रीनाच्या पोटात काही राह्यते का? तिनंच सांगतलं की भिंत लोखंडाची असते म्हणून."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी किती खुशीत होते! लोअर भेटला, लोअर भेटला." त्यांनी कपात चहा ओतला. "या, बसा. पडदा लावला म्हणजे मांगं समुद्र आहेच."

भैय्यालाल बसले.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं, पण समुद्र खालून घुसळत होता. वरच्या मजल्यावरची माणसं भिंती धरून चालत होती. भैय्यालालांच्या खोलीत मात्र कपातला चहा हलत नव्हता. एवढ्यात दार वाजलं. बाहेर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकलेली त्यांची बायको होती.

"मी रामकृष्ण. अकोल्याचा," ते म्हणाले. "काल तुम्ही आमचं दार वाजवलं होतं. मी हसलो, माफ करा. डॉक्टर म्हणतात, जहाजात सर्वांत खाली आणि मधोमध कमी हलतं. हिला रात्रीपासून उलट्या आहेत. दिवसभर इथे पडू द्याल का?"

भैय्यालालांच्या तोंडून एकतीस वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "बसा जी तुमी. आमची मिसेस..."

आणि ते थबकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "अंजना, तू चढतेस का वरतं?"

"काहून नाई?" अंजनाबाईंनी दुर्बीण गळ्यात घातली. "मले सवय आहे."

मीराबाई नावाच्या त्या बाई लोअरला शांत झोपल्या. मेश्राम नवराबायको दिवसभर रामकृष्णांच्या वरच्या खोलीच्या सज्जात बसले. ऊन पाण्यावर पसरलं होतं. लांब किनाऱ्यावर माडांची रांग, एक पांढरं चर्च, होड्या वाळूवर ओढणारे कोळी, असं एकेक अंजनाबाई दुर्बिणीतून सांगत होत्या. भैय्यालालांना गरगरत होतं, म्हणून ते डोळे मिटून ऐकत होते.

"तुमी पाहत नाई का?"

"तू सांग ना. मले दिसून राह्यलं."

परत आल्यावर त्यांनी घरातली खिडकीजवळची खाट अंजनाबाईंना दिली आणि स्वतः भिंतीकडच्या खाटेवर झोपू लागले. पुढे ते आजारी पडले तेव्हा अंजनाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आता तुमी इकडं या. स्वॅप."

भैय्यालाल मेश्राम ९ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, सकाळी चहाच्या वेळी खिडकीजवळच्या खाटेवर वारले.