शनिवारची दाताळी

सुसंस्कृत समाजात कोणत्याही विषयाचा अभ्यास करता येतो. फक्त तो विषय स्वतःच्या विजारीत असता कामा नये.

आमच्या बर्गनच्या संस्थेत वृषणाच्या कर्करोगामागचे जनुकीय बदल अभ्यासले जातात. या रोगात आमचा देश जगात अगदी पुढे आहे (स्कीइंगखालोखाल). विभागप्रमुख आयविंद स्कार्सबो यांचा विषय बारावं गुणसूत्र. ते समजावतात ते असं: बाळ पोटात असतानाच एखादी पेशी शुक्राणू बनवण्याच्या कामावर रुजू व्हायची राहून जाते. वीस-पंचवीस वर्षं ती कोपऱ्यात झोपा काढते. मग अचानक हुरूप येऊन सगळी गुणसूत्रं दुप्पट करते आणि बाराव्याच्या आखूड बाजूच्या जादा प्रती काढत सुटते. असा कर्मचारी भराभर वाढतो, हे कुठल्याही कचेरीत दिसतं.

हिवाळ्याच्या तोंडावर आयविंदना स्वतःलाच वाटाण्याएवढी गाठ लागली. बायको गुन्व्होरने डॉक्टरकडे जायला सांगितलं. एका माणसाच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत, असं त्यांनी तिला शांतपणे पटवलं.

"मग नमुना वाढव," ती म्हणाली.

म्हणून दुग्नाड ठरलं. दुग्नाड म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट करायचं काम, बहुतेकदा आवाराची साफसफाई. त्याला नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मलेला नाही. विभागातल्या सगळ्या पुरुषांनी एकत्र तपासून घ्यायचं, असा बेत होता. सूचनेत आधी अवयवाचं नाव होतं. समितीने त्याजागी 'वैयक्तिक बाब' घातलं, मग तेही फारच वैयक्तिक वाटल्याने काढलं. उरलं ते असं: 'शनिवारी दुग्नाड. वाफल मिळतील.'

विषय काय तो सगळ्यांना पक्का ठाऊक होता, म्हणूनच सगळे दाताळी घेऊन आलो. आयविंदसुद्धा. तपासायला बोलावलेल्या डॉक्टर मोल्डेस्टाडबाई हातमोजे घालून खिडकीत उभ्या राहिल्या आणि आम्ही आवारातली पानं गोळा केली. पानं संपल्यावर सायकलींचा कठडा धुतला. तपकिरी चीज लावून वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, खाल्ली. मग, वर खिडकीकडे बघावं लागू नये म्हणून, दगड पुसले.

दुपारी गुन्व्होर आली. तिने नवऱ्याच्या हातातलं दाताळं काढून घेतलं.

"आयविंद, तुझ्या त्या बाराव्याचं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "पण मला एकटीला म्हातारं व्हायचं नाहीये. चल आत."

ते गेले. आम्ही फार मन लावून दगड पुसले, आणि मला स्वतःची लाज वाटली.

आयविंदचं गाठीचं ऑपरेशन झालं, ते ठणठणीत आहेत. लवकर सापडली तर बहुतेकजण बरे होतात, हे आम्हाला ठाऊक होतंच. तसं सांगणारं पत्रक आम्हीच छापलं होतं. डॉक्टरीणबाई अजून शनिवारी येऊन खिडकीत उभ्या राहतात, आणि आमच्याइतकं स्वच्छ आवार सबंध पश्चिम किनाऱ्यावर नाही.

हसा, वाचकहो. तुमचंही अंगण बरंच झाडलेलं दिसतंय.