पेढ्यांच्या डब्यातली पिवळी गोळी

मी रोग शिकवत नाही, मी रोग करून दाखवतो! मानपाड्याच्या पुढे कारखान्यांच्या गराड्यात आमचं फार्मसी कॉलेज आहे. कुठल्या आजाराला कुठलं औषध आणि का, हे तिथे मी डिप्लोमाच्या पोरांना शिकवतो. फळ्यावरचं पोरं परीक्षेआधीच विसरतात, पण मास्तर लंगडत वर्गात शिरला की संधिवात जन्मात विसरत नाहीत. मागे दम्याचा झटका इतका हुबेहूब काढला, की आमचा शिपाई शिवराम धावत आला आणि तांब्याभर पाणी माझ्या डोक्यावर ओतून गेला!

त्यामुळे त्या सोमवारच्या लेक्चरची मला कणभरही काळजी नव्हती. खरं तर असायला हवी होती. मी तिथे अजून हंगामी होतो, आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे बाहेरून येणारे एक तज्ज्ञ माझं लेक्चर ऐकून ठरवणार होते. मी कायम झालो की चाळीत कुणाला किती पेढे द्यायचे, हेसुद्धा आईने मनात पक्कं करून ठेवलं होतं.

लेक्चरचा विषय होता सर्दी आणि तिची औषधं. तो विषय आदल्या दिवशीच मला येऊन चिकटला. सोमवारी सकाळी कल्याणच्या घरात मी शिंकत शिंकत चहा पीत होतो.

"सम्यक, गोळी घे," आई म्हणाली.

आमच्या घरी औषधं पेढ्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात राहतात. आई प्रत्येक गोळी पाकिटातून कात्रीने सुटी कापून ठेवते. त्यात नाव जातं, तारीख जाते, आणि उरते बिचारी एकटी गोळी. अशी गोळी कुणीही, कधीही घेऊ नये, हे मी दर वर्षी घसा फोडून शिकवतो.

"आई, हिच्यावर नाव कुठंय?"

"नाव कशाला पायजे? पिवळी हाय ना? पिवळी म्हंजे सर्दीची."

"अगं, पण..."

"तुला लहानाचा मोठा केला तो काय नाव वाचून केला? घे गप. आणि दोन घे, आज मोठं लेक्चर हाय!"

आईला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मी दोन्ही गिळल्या.

रिक्षा मानपाड्याला पोचेपर्यंत जग फार मऊ झालं होतं. खड्डे पाळण्यासारखे झोके देत होते. हॉर्न लांबून, कुणीतरी अंगाई म्हणावी तसे येत होते. कारखान्याचा धूरसुद्धा मला ढगासारखा गोड वाटला. उतरताना मी रिक्षावाल्याचा हात हातात घेऊन म्हणालो, "फार छान चालवता हो तुम्ही." तो घाबरून सुटे न देताच पळाला.

वर्गात प्राचार्या हेमा मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी तज्ज्ञ रवींद्र सर. चेहरा असा, की शेवटचं हसू बहुधा शाळेत असताना हसले असावेत. मी जोरात सुरुवात केली.

"मुलांनो, समजा आपण ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत आहोत. एसटी लागली. सर्दीत शिंका आणणारं हिस्टामिन हा पॅसेंजर. त्याला नाकातली सीट मिळाली की तो दंगा करणार. आपलं औषध काय करतं? खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतं! हिस्टामिन येतं, रुमाल बघतं आणि मुकाट उतरतं."

पोरं खूश झाली. मीही झालो.

"पण जुनी औषधं हावरट. ती नाकावर थांबत नाहीत, मेंदूत चढतात. तिथं माणसाला जागं ठेवणाऱ्या ज्या सीटा आहेत, त्यांच्यावरही रुमाल टाकतात. मग माणसाला येते..."

इथे मला जांभई आली. ती चांगली कान दुखेपर्यंत लांबली, आणि तेवढ्यात एसटी सुटली.

खरंच सुटली! मी आत होतो. बाहेर ठाण्याचा टेंभी नाका हळूहळू मागे सरकत होता, कुठेतरी ढोल वाजत होते, आणि उंच टांगलेल्या दहीहंडीत माझी नोकरी होती. खालून हात पुरत नव्हता. हेमा मॅडम कंडक्टरच्या खाकी कपड्यांत समोर आल्या.

"तिकीट?"

"मी हंगामी आहे, मॅडम."

"हंगाम्यांनी उभं राहायचं."

"राहतो. पण जरा टेकू का?" असं मी म्हणालो आणि टेकलो. म्हणजे वर्गातल्या टेबलावर डोकं ठेवलं.

पुढचं थोडं मी गोधडीतून ऐकावं तसं ऐकलं, थोडं पोरांनी नंतर सांगितलं.

"आयला, सर आज जाम भारी करतान!" मानपाड्याचा दिपेश कुजबुजला.

"गप रे," प्राची म्हणाली. "नीट बघ. उठल्यावर सर विचारणार, काय काय पाहिलंत म्हणून."

मी जिवाच्या आकांताने डोकं उचललं. "हे नाटक नाही! मला खरंच झोप येतेय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अभिनय फार नैसर्गिक आहे," रवींद्र सर म्हणाले. हेमा मॅडमनी माझा अभिनय आधी पाहिलेला होता. तो नैसर्गिक कधीच नसतो, हे ठाऊक असल्यामुळे त्यांचा चेहरा पडला.

पेशंटशी कसं बोलायचं ते मीच शिकवलेलं. प्राची पुढे आली.

"काका, कुठली गोळी घेतली?"

"पिवळी."

"नाव काय तिचं?"

"कात्रीत गेलं."

"दिली कुणी?"

"आईने. पेढ्यांच्या डब्यातून."

"काका, तुमचं शिक्षण?"

"एम. फार्म."

वर्ग बाकांवर लोळायला लागला. रवींद्र सरांनी चष्मा काढून डोळे पुसले!

"आता तुम्हाला काय हवंय?"

"खिडकीची सीट," मी म्हणालो. "आणि मला कायम करा हो. आई पेढ्यांसाठी थांबलीय."

यावर म्हणे कुणी हसलं नाही.

पेशंटला औषधाचं नाव सांगता येत नसेल तर घरच्यांना विचारायचं, हाही माझाच नियम. प्राचीने माझा अंगठा लावून माझा फोन उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आईला लावला. सरांनी आईलाही पढवून ठेवलं असणार, असा तिचा समज!

"काकू, सरांना कुठली गोळी दिली हो?"

"अगं पोरी, बरं झालं फोन केलास! सर्दीची पिवळी तर डब्यातच हाय. त्याला गेली ती घाटात उलटी होऊ नये म्हणून घ्यायची पिवळी! झोपला का गं तो? मी एक घेते तर थेट गाव आल्यावर उठते. त्यानं दोन घेतल्यात!"

पोरांनी आधी फोनकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे..." दिपेश म्हणाला, "सर खराच झोपलेत?"

मग एकच धावपळ! प्राचीने नाडी बघितली. दिपेशने मला बाकावर कुशीवर वळवून उशाला आपली बॅग दिली. शिवराम तांब्या घेऊन धावत आला, पण या वेळी त्याला दारातच अडवलं. मग प्राचीने खडू उचलला आणि उरलेलं लेक्चर घेतलं. उलटीची गोळी आणि सर्दीची जुनी गोळी एकाच खानदानातल्या कशा, ती मेंदूतल्या सीटांवर रुमाल कशी टाकते, आज सरांना एकटं का सोडायचं नाही, सगळं सांगितलं. मी तेव्हा घाटात होतो. या गाडीचा ड्रायव्हर फार छान शिकवतो, एवढं मला वाटल्याचं आठवतं.

जाग आली तेव्हा खिडकीतून संध्याकाळचं केशरी ऊन आत आलं होतं. वर्ग रिकामा होता. समोर हेमा मॅडम एकट्याच बसल्या होत्या. मला सगळं कळलं. पेढ्यांची वाट बघणारी आई डोळ्यांसमोर आली.

"मॅडम, मी उद्यापासून येत नाही..."

"उद्या पहिलंच लेक्चर तुमचं आहे," मॅडम म्हणाल्या. "रवींद्र सर म्हणाले, मास्तर झोपला तरी ज्याचा वर्ग चालतो, त्याला सोडू नका. तुम्ही कायम झालात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते सर्दीवर ढकललं.

"आणखी एक म्हणाले."

"काय, मॅडम?"

"शक्यतो झोपूनच शिकवू द्या म्हणाले."

आईने त्याच संध्याकाळी डब्यातल्या गोळ्या काढल्या, डबा घासला आणि काठोकाठ केशरी पेढे भरले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ऐटीत झाकण उघडलं. पेढे पिवळेधमक दिसत होते. एकही हात पुढे आला नाही.

"सर, वर नाव नाही," प्राची म्हणाली.

"तारीख पन नाय," दिपेश म्हणाला.

"दिले कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

"आईने," मी म्हणालो.

अख्खा वर्ग बाकांसकट मागे सरकला. डबा जसाच्या तसा भरलेला घरी परत आला. इतकं चांगलं मी आजवर कधीच शिकवलं नव्हतं!