महाराजांच्या पाठीतील डिस्क व तिच्या कुळाची हकिकत

श्रीवाग्देवी प्रसन्न असो. जिच्या घरून शब्द निघतात आणि परमुलखी जाऊन वेष पालटतात, तिला वंदन करून, शके अठराशे अडतीस, नळनाम संवत्सरी एका राज्यात जो प्रसंग गुदरला, तो घडला तैसा लिहिला आहे. राज्याचे नाव लिहिले नाही, कारण तेथील माणसे अद्याप लाजतात.

ते साली महाराज घोड्यावरून उतरते समयी त्यांच्या कमरेत कळ आली आणि ती पायापर्यंत गेली, आणि महाराजांस बसवेना. मग महाराज येरझारा घालू लागले. त्या दरबारचा शिरस्ता ऐसा की, महाराज बसल्यावाचून कोणी बसू नये आणि महाराज चालते असता कोणी थांबू नये. त्यामुळे महाराज चालले की कारभारी चालत, त्यांमागे फडणीस चालत, त्यांमागे हुजऱ्या पानाचा डबा घेऊन चाले, आणि सदरेतून दिवाणखान्यात, तेथून सज्ज्यात, सज्ज्यातून पुन्हा सदरेत, ऐसा अवघा कारभार फिरू लागला. न्यायही चालता चालताच होई. फिर्यादी धापा टाकीत गाऱ्हाणे सांगे आणि निकाल लागेतो कशाची फिर्याद होती हे त्यासच आठवेना. कोणाच्या जिवास स्वस्थता म्हणून राहिली नाही.

त्या राज्यात शब्दखाते होते. परका शब्द दरबारी आला म्हणजे त्याचे मूळ शोधावे, मूळ अर्थ तोच खरा मानावा, पुढचे अर्थ भ्रष्ट म्हणून टाकावे, आणि त्या मूळ अर्थाप्रमाणे वस्तूची व्यवस्था लावावी, ऐसी तेथील रीत. खात्याचे मुख्य शब्दनवीस हरबाजीपंत. त्यांचे मेज शिसवी होते आणि पंत ते रोज आपल्या उपरण्याने पुसत. त्यांच्या हाताखाली गिरमाजी नामे तरुण उमेदवार होता. उमेदवारास मेज नसे. भिंतीस पाठ लावून उभ्याने लिहावे लागे. ज्याने काढलेले मूळ महाराज मान्य करतील, त्यासच मेज मिळे. गिरमाजीस त्या मेजाची मोठी आस होती, कारण त्याच्या पोटऱ्या दुखत.

मग एक टोपीकर डॉक्टर आला, त्याने महाराजांची पाठ दाबून पाहिली आणि सांगितले की दोन मणक्यांमधील डिस्क जागची हलली आहे. इतके सांगून तो गेला. हुकूम सुटला की या शब्दाचे मूळ काढावे आणि त्यावरून उपचार ठरवावा. गिरमाजीने पोथ्या धुंडाळल्या आणि मूळ सापडले, तेव्हा त्यास मोठा हर्ष जाहला.  तो तैसाच पंतांकडे गेला.

"पंत, शब्द यूनानी, म्हणजे ग्रीक लोकांचा आहे. डिस्कोस म्हणजे खेळात फेकावयाची चपटी वाटोळी तबकडी. आणि तोही ज्या शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ फेकणे."

"वाहवा," पंत म्हणाले, "उपचार ठरला."

"काय ठरला?"

"फेकणे."

"काय फेकणे, पंत?"

"डिस्क. ती महाराजांच्या पाठीत आहे, तेव्हा महाराजांसकट."

गिरमाजी म्हणाला, "पण हा शब्द पुढे बहुत मुलूख फिरला आहे. तेही सांगितले पाहिजे."

"पुढचे आपण सांगत नाही. मूळ सांगायचे आणि गप्प राहायचे. तुला मेज पाहिजे ना, लेका?"

गिरमाजीस त्या दिवशी अन्न गोड लागेना. मूळ खरे होते. त्याने स्वतः ताडून पाहिले होते. खोटे सांगवेना आणि खरे अर्धे सांगितले तर धनी मैदानात पडणार. आणि सगळे सांगावे, तर आयुष्यभर भिंतीस पाठ.

पंतांनी उपचार दरबारी कळविला, आणि दुसरे दिवशी महाराजांस झेलावयास मैदानात गवताची रास रचली आणि रायाजी पैलवान जोंधळ्याचे पोते फेकून हात बसवू लागला. महाराज राशीभोवती फिरत होते आणि अवघा दरबार त्यांमागे फिरत होता. महाराजांनी विचारले, "रायाजी, आम्ही कोठवर जाऊ?"

"पोते त्या लिंबापर्यंत गेले, महाराज. पण पोते अंग चोरत नाही."

"पोत्यास काय जाहले?"

"शिवण उसवली थोडी."

महाराजांनी लिंबापर्यंतचे अंतर नजरेने मोजले. मग म्हणाले, "तो उमेदवार कोठे आहे? मूळ त्याच्या तोंडून ऐकू."

गिरमाजी रांगेतून पुढे आला आणि महाराजांबरोबर चालत मूळ सांगू लागला. फेकणे येथे पोहोचल्यावर पंत मागून खाकरले. गिरमाजी तरीही थांबला नाही.

"महाराज, ती तबकडी रोमी लोकांनी नेली आणि तिच्यासारखी दिसते म्हणून ताटास तेच नाव दिले. ताट ठेवावयाचे टेबल, त्यासही तेच नाव पडले. मग त्यावरून आंग्लांची डिश निघाली, म्हणजे ताटली. डेस्क निघाले, म्हणजे लिहिण्याचे मेज. आणि डायस निघाला, म्हणजे मोठ्यांनी बसावयाचा चौथरा. सूर्याच्या वाटोळ्या बिंबासही डिस्क म्हणतात. हे अवघे एका कुळाचे. मूळ सर्वांचे फेकणेच."

महाराज म्हणाले, "मेजसुद्धा?"

"मेजसुद्धा."

"मग शिरस्ता एकास लागू तो कुळास लागू. पंतांचे मेज आणा. आधी ते फेका, मग आम्हास."

मेज आणले. रायाजीने ते डोक्यावर उचलले मात्र, पंत रांग सोडून धावले आणि मेजाच्या पायास मिठी मारून म्हणाले, "मेज का म्हणून फेकावे? नावाचे मूळ काही असो, वस्तू लिहावयाची आहे!"

गिरमाजी हळूच म्हणाला, "मग पंत, महाराजांच्या पाठीतील डिस्क कशाची आहे?"

 पंतांनी मेजाचा पाय आणखी घट्ट धरला. तेव्हा गिरमाजीने सांगितले की दोन हाडे एकमेकांस घासू नयेत म्हणून मध्ये मऊ चकती असते, तीही वाटोळी आणि चपटी, इतक्याच सारखेपणावरून ते नाव तिला चिकटले. फेकण्याशी तिचा आता काही संबंध उरला नाही, आणि तिला जपावे हे बरे. महाराजांनी रायाजीस मेज खाली ठेवण्यास सांगितले आणि मूळ अर्थाचा शिरस्ता त्या दिवसापासून बंद केला. रायाजीने पोते शिवावयास घरी नेले.

पुढे शेक दिला, ओझे उचलणे वर्ज्य केले, हळूहळू चालणे ठेविले, आणि कळ उणी होत गेली. कशाने गेली की आपसूक गेली, हे नक्की सांगता येत नाही, म्हणून लिहिले नाही. मग एके सकाळी महाराज चौथऱ्यावर जपून बसले आणि अवघा दरबार होता तेथे मटकन बसला, कोणी पायरीवर, कोणी पानाच्या डब्यावर.

गिरमाजीस आंब्याच्या लाकडाचे मेज मिळाले. तो बसला, पोटऱ्यांवरून हात फिरविला, लेखणी बुडविली, आणि त्याच्या मनात आले की फेकणे हा शब्द तरी कोठून आला, ते आपण पाहिलेच नाही. तो उठला.

"गिरमाजी, आता तरी बैस," पंत म्हणाले.

"आलोच, पंत. याच्या मागे काय आहे तेवढे पाहतो."

एवंच महाराज बसते जाहले, पंतांचे मेज पंतांपाशी राहिले, आणि गिरमाजीच्या मेजावर धूळ बसली. इतके घडले, इतके लिहिले.